इंजिन उतरवायला शिकणाऱ्यांसाठी सुटीच्या दिवशी कार्यशाळा उघडाव्यात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारीचे इंजिनकाम निघाले की आपल्या घरांतून दोनच पर्यायांचा विचार होतो. एक तर गाडी मिळेल त्या भावाला काढून टाकायची, नाहीतर ती गॅरेजमध्ये सोडून यायची आणि मिस्त्री सांगेल तो आकडा मान्य करायचा. इंजिन आपणच उतरवावे, त्याच जातीचे चांगल्या स्थितीतील दुसरे इंजिन आणून आपणच बसवावे आणि त्यासाठी लागणारे ज्ञान रीतसर मिळवावे, हा तिसरा पर्याय आजवर वेडेपणात जमा होत असे. अलीकडे मात्र ठाणे आणि नवी मुंबईतील काही तरुण मंडळी त्याकडे गांभीर्याने पाहू लागली आहेत, असा माझा अनुभव आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात देखभाल विभागातील फिटर म्हणून माझी सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर नेरूळच्या आमच्या सेक्टरमधील अशी मुले माझ्याकडे विचारणा करण्यासाठी येत असतात. त्यांना हे काम शिकता यावे, सुरक्षितपणे शिकता यावे आणि त्यासाठी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या, म्हणजेच आयटीआयच्या, कार्यशाळा सुटीच्या दिवशी नागरिकांना उपलब्ध व्हाव्यात, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, परंतु विषय यंत्राचा असल्यामुळे त्रोटक लिहिणे धोक्याचे ठरले असते.

हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे काय, हा पहिला प्रश्न. माझे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. इंजिन उतरवणे आणि इंजिन खोलणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मात्र आधी ध्यानात घेतले पाहिजे. खोलण्याच्या कामात पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) यांच्या मिलिमीटरच्या शतांश भागातील मापांशी गाठ असते, मायक्रोमीटर हाताळावा लागतो, आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवायचा किंवा क्रँक घासायचा झाला तर वागळे इस्टेटमधील नाहीतर तुर्भे एमआयडीसीतील एखाद्या लेथवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते. उतरवण्याच्या कामात यांपैकी काहीही नसते. इंजिन गाडीला ज्या ज्या गोष्टींनी जोडलेले असते, त्या इंधनाच्या नळ्या, पाण्याचे होज, हवेची नळी, सायलेन्सरचा पुढचा पाइप, विजेच्या तारा, क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबल, चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट आणि सर्वांत शेवटी ज्यांवर सारे वजन पेललेले असते ती माउंटिंग, या सगळ्या क्रमाने सोडवायच्या आणि पुन्हा त्याच्या उलट क्रमाने जोडायच्या, एवढेच ते काम आहे. त्याला बुद्धीपेक्षा शिस्त अधिक लागते आणि शिस्त ही शिकवून येणारी गोष्ट आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ च्या आरंभापर्यंत बनत राहिलेल्या मारुती ८०० चे उदाहरण घेऊ. तिचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन बॉनेटखाली आडवे बसवलेले असते आणि गिअरबॉक्स त्याला बाजूने जोडलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकत्रच वर उचलून काढता येतात. बॉनेट उतरवले आणि रेडिएटर काढला की सगळीकडे हात आणि पाना पोहोचेल एवढी जागा मिळते. ओम्नीतही इंजिन ७९६ सीसीचेच आहे, पण ते पुढच्या आसनांखाली उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेले असते आणि गाडी उंच करून खालून काढावे लागते. म्हणून शिकणाऱ्याची पहिली गाडी ओम्नी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून ठाम मत नव्या गाड्यांविषयी आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण निकषांच्या गाड्यांत सेन्सरांचे जाळे दाट असते, चावी आणि इंजिनाचा संगणक यांची जोडी ठरलेली असते, आणि कॉमन रेल (सर्व सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या) डिझेल इंजिनात तर इंधनाचा दाब हजार बारच्याही, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजार पटींच्याही, वर जातो. एवढ्या दाबाने बाहेर पडणारी डिझेलची बारीक धार त्वचेतून आत शिरू शकते. अशा गाडीला नवशिक्याने घरी हात लावू नये.

प्रत्यक्ष कामाविषयी दोन गोष्टी विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण मोबाइलवरच्या चित्रफितींत नेमक्या त्याच घाईने उरकलेल्या असतात. पहिली गोष्ट नोंदींची. बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी काढायची, कारण धन टोकावर पाना चालू असताना तो गाडीच्या पत्र्याला टेकला तर शॉर्ट सर्किट होते. ऋण तार आधीच सुटलेली असली तर ते होत नाही. त्यानंतर प्रत्येक तार आणि प्रत्येक नळी सोडवण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेल्या पट्ट्या लावाव्यात. बोल्ट एका डब्यात गोळा करण्याची सवय अत्यंत वाईट आहे. एकाच जाडीचे पण वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट गिअरबॉक्सच्या कडेला शेजारी शेजारी असतात, आणि आखूड बोल्टाच्या जागी लांब बोल्ट बळाने आवळला तर अॅल्युमिनियमचे आवरण तडकते. म्हणून जिथला बोल्ट तिथेच परत अडकवून ठेवावा, नाहीतर वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहावे. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती खूण करून ठेवली तर ते परत बसवताना फटी जुळवण्याचा त्रास होत नाही. इंधन इंजेक्शनची गाडी असेल तर गाडीतील पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. एसी असलेल्या गाडीत गॅसची नळी सोडून देण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो हवामानाच्या दृष्टीने घातक आहे, कारण त्या गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे, आणि बहुधा अनावश्यकही असतो. पुष्कळ गाड्यांत कॉम्प्रेसर नळ्यांसकट सोडवून बाजूला तारेने बांधून ठेवता येतो.

दुसरी गोष्ट उचलण्याची, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयाचे मर्म तिथे आहे. छोट्या पेट्रोल गाडीचे इंजिन गिअरबॉक्ससह शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जड भरते. चौघांनी हातांनी उचलून काढल्याच्या कथा ऐकायला मिळतात, पण त्यात एकाचा पाय घसरला तर काय होते हे मी कारखान्यात पाहिलेले आहे. इंजिन चेन कुप्पीने (साखळी ओढून वजन वर उचलणाऱ्या कप्पीने) किंवा इंजिन क्रेननेच उचलायचे, हा नियम निरपवाद मानावा. आता चेन कुप्पी टांगायची कशाला? सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमधील (इमारतीखालच्या खांबांमधील वाहनतळातील) तुळईला साखळीचा वेढा देऊन, किंवा स्लॅबमधील पंख्याच्या हुकाला, किंवा ओट्यावरच्या छज्जाला ती टांगलेली मी पाहिली आहे. पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो. इमारतीची तुळई कोणत्या भारासाठी आखली आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि खाऱ्या हवेने आतील सळ्या गंजलेल्या वीस-तीस वर्षांच्या इमारतींत तर तो प्रश्नच उद्भवू देऊ नये.

क्रेन भाड्याने आणली तरी अडचण संपत नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक घातलेले आहेत. क्रेनची लोखंडी चाके लहान असतात. ती ब्लॉकच्या सांध्यात अडकतात आणि ढकलणाऱ्याने जोर लावला की लटकणारे इंजिन झोका घेते. गाडीखाली लावलेले स्टँडही खचलेल्या ब्लॉकवर कलंडू शकतात. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे लावून गाडी उंच करण्याचा प्रकार तर पूर्णपणे बंद झाला पाहिजे, कारण ते आधी कसलीही सूचना न देता एकदम फुटतात. शिवाय दोन टनांची म्हणून मिळणारी क्रेन तिची भुजा पूर्ण लांब केल्यावर साधारण अर्धा टनच उचलू शकते, आणि तो आकडा भुजेवरच्या भोकांपाशी लिहिलेला असूनही कोणी वाचत नाही. इंजिनाला साखळी बांधताना दोन टोकांमधील कोनाचाही विचार करावा लागतो. दोन साखळ्यांमधील कोन ६० अंश असेल तर प्रत्येकीवर इंजिनाच्या वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. तोच कोन १२० अंश झाला तर प्रत्येक साखळीवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. साखळी आखूड पडली म्हणून ओढून ताणून बांधणाऱ्याला हे ठाऊक नसते. उत्पादकाने दिलेले उचलण्याचे कान असतील तर तेच वापरावेत, नसतील तर ८.८ श्रेणीचा, म्हणजे उच्च ताकदीच्या पोलादाचा, बोल्ट पुरेसा खोल आवळून त्याला साखळी लावावी, आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा दोर या कामाला कधीही घेऊ नये. इंजिन मोकळे झाले की ते उंच ठेवून फिरवत बसू नये. गाडीबाहेर येताच जमिनीपासून वीतभर अंतरावर आणावे आणि मगच हलवावे. लटकत्या इंजिनाखाली कोणाचाही हात, पाय किंवा डोके जाता कामा नये.

आगीचा धोका याला जोडूनच येतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. बहुसंख्य इमारतींत विजेच्या मीटरची खोली त्याच स्टिल्टमध्ये, गाड्यांपासून हाकेच्या अंतरावर असते. तिथे पेट्रोलची नळी सोडणे हा सगळ्या इमारतीच्या जिवाशी खेळ आहे. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकून उपयोग होत नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे पसरते. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी हवे. सोसायटीचे पदाधिकारी अशा कामाला विरोध करतात तेव्हा मी त्यांना दोष देत नाही. वाहनतळाची जागा वाहन उभे करण्यासाठी दिलेली असते आणि सदस्यांनी ती तशीच वापरावी, ही अपेक्षा रास्त आहे.

अशा वेळी शिकू इच्छिणाऱ्याने जायचे कुठे? आमच्या शेजारी राहणाऱ्या एका औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर मुलीपुढे हाच प्रश्न उभा राहिला. तिच्या वडिलांची मारुती ८०० पावसाळ्यात एका भुयारी मार्गातील पाण्यात बंद पडली आणि त्यांनी ती जागच्या जागी पुन्हा चालू करून पाहिली. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या महानगरातील किती गाड्यांचे इंजिन याच एका कारणाने गेले असेल, याची कल्पना जुन्या मिस्त्रींना आहे. गाडी पाण्यात बंद पडली तर ती चालू करू नये, ओढून कोरड्या जागी न्यावी, हे वाहन परवाना देतानाच शिकवले पाहिजे असे मला वाटते.

“काका, हे इंजिन मी स्वतः उतरवले तर चालेल का?” असे तिने विचारले. मी तिला आधी भंगारातले एक बंद इंजिन आणायला सांगितले आणि त्यावरचे स्टार्टर, अल्टरनेटर, क्लच, पाण्याचा पंप हे सगळे काढून परत बसवायला लावले. शिकण्याचा हा टप्पा कोणीही वगळू नये, कारण मेलेल्या इंजिनावर केलेली चूक कोणाच्या खिशाला किंवा जिवाला भारी पडत नाही. मग तुर्भ्यातील एका परिचित उद्योजकांनी आपल्या गाळ्यात जागा दिली. तिथे पक्की सिमेंटची जमीन होती, वर वजन टांगण्याची लोखंडी चौकट, म्हणजे गॅन्ट्री, होती, कुप्पीवर भारक्षमतेची पट्टी होती. औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायच्या पांढऱ्या लेबलांवर तिने प्रत्येक तारेचे नाव, जागा आणि दिनांक लिहिला. माझ्या कारखान्यातील कोणत्याही जोडणी विभागात मी इतक्या स्वच्छ नोंदी पाहिल्या नव्हत्या. इंजिन उतरले, दुसरे बसले आणि गाडी आज रस्त्यावर आहे. परंतु तो गाळा मिळाला नसता, तर मी तिला हे काम करू दिले नसते. जिला किंवा ज्याला असा परिचय नाही, त्याने काय करावे, हा माझ्या पत्राचा खरा प्रश्न आहे.

दुसरे इंजिन निवडण्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग विकणारी दुकाने आहेत आणि तिथे फुल इंजिन व हाफ इंजिन दोन्ही मिळते. हाफ इंजिन म्हणजे हेड (सिलिंडरवरचा झाकणासारखा भाग) वगळून खालचा भाग. घेताना क्रँकच्या बोल्टावर पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते न अडता फिरले पाहिजे. तेलाच्या झाकणाच्या आत दुधाळ चिकटा असेल तर तेलात पाणी मिसळले आहे असा संशय घ्यावा. स्पार्क प्लगच्या भोकातून बॅटरीच्या उजेडात बोअरवर गंज दिसतो काय, आणि खाचाखोचांत वाळलेल्या चिखलाची रेघ आहे काय, हेही पाहावे. पुरात बुडालेली इंजिने धुऊनपुसून बाजारात येतात. गिअरबॉक्ससह घेत असाल तर स्टार्टर लावून, सर्व प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, मोजण्याचा आग्रह धरावा आणि कोणत्याही दोन सिलिंडरमधील फरक चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त असल्यास ते इंजिन घेऊ नये. पावती घेतल्याशिवाय एकही रुपया देऊ नये.

पावतीचा आग्रह कागदपत्रांसाठी आहे. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच नोंदणी प्रमाणपत्रात असतो. त्यामुळे हाफ इंजिन बदलले तरी क्रमांक बदलतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन घ्यावे, अधिक ताकदीचे इंजिन बसवण्याच्या मोहात पडू नये, आणि आपल्या क्षेत्रातील परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे एमएच ०४ च्या गाड्यांनी ठाण्यात आणि एमएच ४३ च्या गाड्यांनी नवी मुंबईत, आधी मंजुरीचा अर्ज करून नंतर नोंद करून घ्यावी. खरेदीपूर्वी राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या सेवेवर तो इंजिन क्रमांक चोरीच्या वाहनाचा तर नाही ना, हे तपासता येते. विमा कंपनीलाही कळवावे. खासगी मोटारीची पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना वाहनाची तपासणी होते, आणि तिथे गाडीवरचा क्रमांक कागदाशी जुळला नाही तर स्वतःच्या हातांनी केलेले सारे काम वाया जाते. परिवहन कार्यालयांनी स्वतः इंजिन बदलणाऱ्या मालकासाठी लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत, दर्शनी भागात लावली तर दलालाकडे जाण्याची वेळ येणार नाही.

बसवण्याच्या कामाबद्दल थोडक्यात लिहितो. इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचे मागचे ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि झिजलेली माउंटिंग बदलून घ्यावी, कारण त्या भागांची किंमत थोडी असते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची मेहनतच मोठी असते. क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी खुंटी वापरावी. गिअरबॉक्स आणि इंजिन यांची तोंडे हाताने मिळाली पाहिजेत. राहिलेली फट बोल्ट आवळून मिटवू पाहणारा माणूस काहीतरी मोडणार, हे निश्चित. बोल्ट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), दुरुस्ती पुस्तकातील आकड्यानुसारच आवळावेत. पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून, इंधन बंद ठेवून, तेलाचा दिवा विझेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवावे, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर भार येत नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये. खाडीकाठच्या दमट हवेत उघडे पडलेले बोअर आणि फ्लायव्हील यांवर रात्रीतून गंज धरतो.

खाडीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक आग्रहाची विनंती. एका छोट्या गाडीतून सुमारे तीन लिटर जळके तेल आणि काही लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) निघते. नवी मुंबईतील पावसाळी गटारे सिडकोने बांधलेल्या धारण तलावांतून खाडीला मिळतात, ठाण्याचे नालेही तिकडेच जातात. ज्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले, तिच्यात गटारामार्गे आपले तेल जाऊ देणे अक्षम्य आहे. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. परंतु सामान्य नागरिकाकडून तीन लिटर तेल स्वीकारणारे केंद्र त्याच्या प्रभागात कुठे आहे? दोन्ही महापालिकांनी ही सोय करायला हवी. कूलंट चवीला गोड असते आणि विषारीही. ते उघड्या भांड्यात राहिले तर रस्त्यावरची कुत्री-मांजरे ते पितात आणि तडफडून मरतात.

अशा शिक्षणाने मिस्त्रींच्या पोटावर पाय येईल, अशी शंका काहींनी माझ्यापाशी बोलून दाखवली. मला ती पटत नाही. ज्याने एकदा स्वतः इंजिन उतरवले आहे, तो मिस्त्रीच्या कष्टाची किंमत करतो, मजुरीवरून घासाघीस करत नाही, आणि मिस्त्रीने सांगितलेला दोष खरा आहे की नाही हेही त्याला समजते. कामात सचोटी असलेल्या कारागिराला असाच ग्राहक हवा असतो. या महानगराला ही परंपरा नवी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होत्या, आणि त्या इतकी वर्षे टिकल्या याचे श्रेय टॅक्सी तळावर स्वतः बाह्या सरसावून इंजिनात हात घालणाऱ्या चालकांना आणि त्यांच्या मिस्त्रींनाही आहे. आपल्या सुशिक्षित घरांत मात्र मुलाच्या हाताला ग्रीस लागलेले अजूनही खपत नाही, मुलीच्या हाताला तर नाहीच, याचे मला मनापासून दुःख होते.

माहिती दडवून ठेवण्याचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती व उपकरणे बाहेरच्या दुरुस्तीकारांना खुलेपणाने मिळू दिली नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार उत्पादकांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. तरीही दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचे अधिकृत दुरुस्ती पुस्तक, ज्यात प्रत्येक बोल्टाचा टॉर्क आणि प्रत्येक तारेचा रंग दिलेला असतो, ते मालकाला मराठीत सोडाच, इंग्रजीतही सहज मिळत नाही. राज्य शासनाने निदान बंद झालेल्या मॉडेलांची पुस्तके आयटीआयच्या ग्रंथालयांत नागरिकांना पाहण्यासाठी ठेवण्याची व्यवस्था करावी.

आता मूळ मागणीकडे येतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये शासकीय आयटीआय आहे, नवी मुंबईतही शासकीय संस्था आहे. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जिथे चालतो, तिथे पक्की जमीन, क्रेन, टॉर्क रेंच, कॉम्प्रेशन गेज, सरावासाठी जुनी इंजिने आणि शिकवणारे निदेशक हे सारे असणे अपेक्षितच असते. रविवारी ही कार्यशाळा कुलूपबंद असते. तिथे नागरिकांसाठी शुल्क आकारून छोटा अभ्यासक्रम सुरू करावा: आधी भार उचलण्याचे आणि आगीचे नियम, मग बंद इंजिनावर सराव, आणि त्यात उत्तीर्ण होणाऱ्याला स्वतःची गाडी आणून निदेशकाच्या देखरेखीखाली इंजिन बदलण्यासाठी ठरावीक दिवसांपुरती जागा. शुल्कातून निदेशकांना अतिरिक्त मानधन द्यावे, सहभागी व्यक्तींचा अपघात विमा काढावा, आणि जळके तेल गोळा करण्याचे पिंपही तिथेच ठेवावे. परिवहन कार्यालयाचा एखादा निरीक्षक महिन्यातून एकदा तिथे आला तर बदललेल्या क्रमांकाची तपासणीही जागेवरच होऊ शकेल. नियमित विद्यार्थ्यांच्या वेळेला आणि साहित्याला धक्का लागता कामा नये, ही अट मी स्वतः पहिल्या क्रमांकावर ठेवीन.

माझ्यासारखे निवृत्त फिटर, टर्नर आणि मोटार मेकॅनिक या पट्ट्यातील जवळजवळ प्रत्येक वसाहतीत आहेत. संस्थांनी बोलावले तर विनामोबदला येऊन शिकवण्याची माझी तयारी आहे आणि माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांनीही तसे सांगितले आहे. कौशल्य विकास विभागाने आणि दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांनी या सूचनेचा विचार करावा, आणि प्रायोगिक स्वरूपात का होईना, एका संस्थेत पावसाळा संपताच सुरुवात करावी. त्याआधी त्या कार्यशाळेतील प्रत्येक चेन कुप्पीची, साखळीची आणि हुकाची भारचाचणी सक्षम व्यक्तीकडून करून घेऊन त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावावे, एवढे माझे विशेष सांगणे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर,
नेरूळ, नवी मुंबई